‘३ दिवसांत पेपर छापून मिळेल’: केअर यादी बंद झाली, आता जर्नल कसं निवडायचं?

“तुमचा शोधनिबंध स्वीकारला आहे. शुल्क भरा, ३ दिवसांत प्रमाणपत्रासह प्रकाशित करू.” पीएचडीला प्रवेश घेतला की असे मेसेज यायला लागतात. सातपूरला राहून नाशिकच्या एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला प्राध्यापक भरतीची जाहिरात कधी निघेल याची धाकधूक असतेच. मग ‘दोन पेपर तरी हाताशी असावेत’ म्हणून पैसे भरले जातात. त्याआधी हे वाचा.

केअर यादीचं काय झालं?

बोगस जर्नल्सचा प्रश्न जुना आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी यूजीसीच्या तेव्हाच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल्स तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसत नव्हती. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली आणि पुढे ‘केअर’ यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता यूजीसीने फक्त मार्गदर्शक निकष सुचवले आहेत. जर्नल पारखण्याची जबाबदारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधकांवर आली आहे. त्यामुळे आजही कुणी ‘यूजीसी केअर मान्यताप्राप्त’ अशी जाहिरात करत असेल, तर सावध व्हा.

नोकरीसाठी पेपरला किती वजन?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याचा १०० गुणांचा तक्ता आहे. त्यात:

• पीएचडी: २५
• जेआरएफसह नेट: १०, नुसती नेट: ८, सेट: ५
• शिकवण्याचा अनुभव: वर्षाला २, कमाल १०
• शोधनिबंध: प्रत्येकी २, कमाल ६

म्हणजे या तक्त्यात एका पेपरचे गुण एक वर्ष शिकवण्याइतकेच आहेत. विद्यापीठांच्या विभागांसाठी तक्ता वेगळा आहे आणि निकष बदलतात, म्हणून जाहिरातीसोबतचा तक्ता आधी वाचा.

आणखी दोन बदल लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढली. तुमच्या विद्यापीठाचा नियम मात्र विचारून घ्या. आणि जुलै २०२३ पासून थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. पात्रता परीक्षा बाकी असेल, तर घाईच्या पेपरआधी तिचा अभ्यास करा.

जर्नल कसं तपासायचं?

१. आयएसएसएन हा नियतकालिकाचा फक्त ओळख क्रमांक आहे, दर्जाची पावती नाही.

२. ‘स्कोपसमध्ये आहे’ असं जर्नल म्हणत असेल, तर स्कोपसच्या संकेतस्थळावर नाव आणि आयएसएसएन शोधा. ही सोय मोफत आहे. नामवंत जर्नल्सच्या हुबेहूब बनावट साइट्सही असतात, त्यामुळे मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका.

३. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची नावं त्यांच्या संस्थेच्या पानावर आहेत का, ते पाहा.

४. मागचे दोन अंक वाचा. एकाच अंकात शेतीपासून संगणकापर्यंत सगळं असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी होत असण्याची शक्यता कमी.

५. शुल्क घेणारं प्रत्येक जर्नल बोगस नसतं. पण ३ दिवसांत स्वीकृतीची हमी मिळत असेल, तर तिथे परीक्षण होत नाही असं समजा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी काय करायचं?

स्कोपसमध्ये मराठी नियतकालिकं शोधून फारसं हाती लागत नाही. इथे संपादक आणि परंपरा पाहावी लागते. वाईचं ‘नवभारत’ किंवा मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ यांची ओळख त्यांच्या जुन्या अंकांतून होते. तुमच्या विषयात असं काय आहे, ते मार्गदर्शकांना विचारा.

चुकीच्या ठिकाणी छापलं तर?

पैसे जातात, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. एकदा छापलेला लेख चांगलं जर्नल पुन्हा घेत नाही. तीन-चार वर्षांच्या कामातला सगळ्यात चांगला भाग असा कायमचा अडकतो आणि मुलाखतीत त्याच जर्नलबद्दल प्रश्न येऊ शकतो. म्हणून शुल्क भरण्याआधी मार्गदर्शक किंवा कॉलेजच्या ग्रंथपालांना जर्नलची लिंक पाठवा आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहा.