दुकानाचा ओटा आणि आजीची चार मिनिटं

माझ्या फोनमध्ये आजीचं चार मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे. तीन वर्षांपूर्वी गावी गेलो, तिच्यासमोर फोन ठेवला आणि एचआरवाले विचारतात तसे प्रश्न विचारले. लहानपण कसं होतं? गाव कसं होतं? आजी पदर सावरून बसली आणि शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखी पुस्तकी मराठीत बोलली. "आमचे बालपण आनंदात गेले." झालं, संपलं. ऐकताना वाटतं, ही माझी आजी नव्हेच.

अगदी हीच चूक एका मोठ्या लेखिकेनेही केली होती. तिचं नाव झोरा नील हर्स्टन. आज तिची गोष्ट.

अमेरिकेच्या दक्षिणेत, फ्लोरिडा राज्यात ईटनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि त्यानंतर २२ वर्षांनी, १८८७ मध्ये, काळ्या लोकांनी हे स्वतःचं गाव रीतसर वसवलं. महापौर त्यांचा, कारभार त्यांचा. झोरा इथेच वाढली. तिचे वडील सुतारकाम करायचे, चर्चमध्ये प्रवचन द्यायचे आणि पुढे गावाचे महापौरही झाले.

गावाचं खरं केंद्र म्हणजे जो क्लार्कच्या दुकानाचा ओटा. आपल्याकडे पिंपळाचा पार असतो ना, तसाच. संध्याकाळी मोठी माणसं तिथे जमायची आणि थापांची चढाओढ लागायची. मालकाला गंडवणारा गुलाम, कोल्ह्याला फसवणारा ससा. दुकानात काही आणायला पाठवलं की झोरा मुद्दाम रेंगाळायची आणि कान टवकारून ऐकायची.

या गप्पा म्हणजे नुसता टाइमपास नव्हता. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. मालकांच्या वह्यांत ही माणसं होती, पण नग म्हणून, किमतीसकट. त्यांचा स्वतःचा इतिहास राहिला तो तोंडी, अशा ओट्यांवर.

झोरा पुढे न्यूयॉर्कला शिकायला गेली, मानववंशशास्त्र शिकली. १९२७ मध्ये याच गोष्टी गोळा करायला दक्षिणेत परतली आणि हात हलवत परत गेली. नंतर तिनेच कबूल केलं की आपण कॉलेजच्या भाषेत, अदबीने विचारत सुटलो. लोक नम्रपणे म्हणायचे, नाही हो, आम्हाला असलं काही येत नाही.

त्याच दौऱ्यात ती अलाबामात कोसोला नावाच्या म्हाताऱ्याला भेटली. वय ऐंशीच्या पुढे. १८६० मध्ये, गुलाम आणण्यावर बंदी येऊन ५२ वर्षं झाली असताना, त्याला आफ्रिकेतून चोरून आणलं होतं. झोराच्या हाती फारसं लागलं नाही. मग तिने काय केलं? दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकातला मजकूर उचलून स्वतःच्या नावावर लेख छापला. चोरीच ती, सरळ सांगायचं तर.

पण ती परत गेली. या वेळी काही महिने राहिली. त्याच्यासाठी पीच न्यायची, कलिंगड न्यायची. कधी तो बोलायचा, कधी नाही. नाही बोलला तर दोघं नुसतीच खात बसायची. मग हळूहळू त्याने आपलं आफ्रिकेतलं गाव सांगितलं, जहाज सांगितलं, गेलेली मुलं सांगितली. झोराने ते त्याच्याच बोलीत लिहिलं. प्रकाशक म्हणाले, भाषा सुधारा. तिने नकार दिला. ते पुस्तक आलं २०१८ मध्ये. ती जाऊन तेव्हा ५८ वर्षं झाली होती.

हे वाचून मी यंदा मे महिन्यात पुन्हा गावी गेलो. ओसरीवर आजी आणि शेजारच्या दोघी चिंचा फोडत होत्या. आजीला सांगून फोन खिशात चालू ठेवला आणि मीही चिंचा फोडायला बसलो. बराच वेळ कुणी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. मग आजी आपणहून म्हणाली, "ह्ये काय फोडनं हाय व्हय? बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली म्या." तुझा बाप झाडाला टांगलेल्या झोळीत होता, म्हणाली. मग सुकडी आली, अमेरिकेचा लाल मिलो आला, मुकादम आला. शेजारची मावशी मध्येच म्हणाली, "न्हाय गं, मुकादम त्यो नव्हता." आणि दोघींचं जुंपलं!

बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

नवं रेकॉर्डिंग ५२ मिनिटांचं आहे. अर्ध्याहून जास्त वेळ फक्त चिंचा फुटल्याचा आवाज आहे. मी त्यातलं काहीही कापणार नाहीये.

तुमच्या घरी कोण आहे असं? सुट्टीत जाल तेव्हा प्रश्नांची यादी नेऊ नका. त्यांच्या हातात जे काम असेल, त्यातलं थोडं मागून घ्या. भेटू पुढच्या भागात.