ऐकणाऱ्याची मर्यादा : पापनिवेदन, मनोविश्लेषण आणि आत्मचरित्र

मिशेल फूको यांच्या लैंगिकतेच्या इतिहासाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ख्रिस्ती पापनिवेदन आणि मनोविश्लेषण यांना एकाच वंशावळीत बसविण्याचा प्रघात पडला आहे. सत्ता बोलणाऱ्याकडे नसून ऐकणाऱ्याकडे असते, हे त्यांचे प्रतिपादन मोलाचे खरे. परंतु ऐकणाऱ्यावरील बंधनांना त्यात गौण स्थान आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वार्षिक पापनिवेदन सक्तीचे केले, आणि त्याच कलमात गौप्यभंग करणाऱ्या धर्मगुरूस पदच्युती व आजन्म मठवास फर्मावला.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे नंदाखालसारख्या गावांत हा संस्कार रुजला. पापक्षालनाचे सूत्र लॅटिनमध्ये उच्चारले जाई. पाप मात्र सांगायचे ते घरच्या सामवेदी बोलीत. जाळी चेहरा झाकते, बोली झाकत नाही. जो धर्मगुरू बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, मूठमाती देतो, त्याला जाळीपलीकडचा आवाज कोणाचा हे कळणारच.

मनोविश्लेषकाची मर्यादा दोन नात्यांच्या मध्ये असते : रुग्णाशी त्याचे दुसरे नाते असू नये. फ्रॉइडने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या डोराच्या चिकित्साकथेत, तिच्या मनातील भावसंक्रमणावर आपल्याला वेळीच काबू मिळविता आला नाही, हे स्वतःच नोंदविले. १९१० मध्ये त्याने विश्लेषकाच्या स्वतःच्या मनात उमटणाऱ्या प्रतिसंक्रमणाकडे लक्ष वेधले. विश्लेषकाने आधी स्वतःला तपासून घ्यावे, ही अपेक्षा त्यातूनच आली. धर्मगुरूही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकतो; येथवर फूकोंची वंशावळ टिकते. पण धर्मगुरूची नाती मुळातच अनेकपदरी असतात. त्यामुळे त्याची मर्यादा त्याच्या आतच, शेजारी म्हणून कळलेले आणि जाळीतून ऐकलेले यांच्या मध्ये आखावी लागते. १९८३ च्या धर्मसंहितेचे ९८४ वे कलम तर असे सांगते की, गुपित फुटण्याचा धोका नसला तरीही ऐकलेल्याचा वापर निवेदकास बाधेल असा करू नये.

नंदाखाल येथे १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९७२ मध्ये धर्मगुरू झाले आणि १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता'चे संपादक होते. त्यांच्या 'नाही मी एकला' या आत्मचरित्राकडे आपण सहसा सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहतो. पण धर्मगुरूने लिहिलेले आत्मचरित्र हा रचनेच्या दृष्टीनेही वेगळा प्रकार आहे : आयुष्यभर ऐकलेले सर्वांत खाजगी बोलणे लेखकाच्या सामग्रीतून वगळलेलेच असते. नाव बदलून लिहिण्याची वाट फ्रॉइडला मोकळी होती. जेथे आवाजावरून घर ओळखता येते, तेथे बदललेले नाव कितीसे झाकणार? मराठी आत्मचरित्रातील मौनाचा दोष आपण एरवी लेखकाच्या भिडस्तपणाला देतो (आणि बहुधा तो योग्यच असतो). या मौनाला मात्र ती कसोटी लावता येत नाही, कारण जे सांगितलेले नाही ते लेखकाचे नव्हतेच.