कंपवात आणि स्टेम सेल : चाळीस वर्षांची आशा आणि एक साधा प्रश्न

मागच्या पावसाळ्यात मुलुंड पूर्वेचे एक काका मुलासोबत माझ्याकडे आले. वय ६८, पोस्टातून निवृत्त, सहा वर्षांपासून कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स. उजवा हात थरथरतो, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मुलाने टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक ठेवले. कमरेच्या हाडातून मूळपेशी काढायच्या, पाठीच्या मणक्यातून आत सोडायच्या, असे तीन वेळा. खर्च काही लाख.

"डॉक्टर, गावची जमीन विकायला काढतोय. करून घेऊ ना?" मुलाने विचारले. काका काहीच बोलले नाहीत. जमीन त्यांच्या नावावर होती.

वाचकहो, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. कधी कंपवातासाठी, कधी मोटर न्यूरॉन डिसीजसाठी, कधी स्मृतिभ्रंशासाठी. नुसते "नको" म्हटले की घरच्यांना वाटते, डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत. म्हणून त्या दिवशी मी त्यांना या उपचाराचा इतिहास सांगितला. तोच तुम्हालाही सांगतो.

मूळपेशी आणि परळ

मूळपेशी म्हणजे जिचे काम अजून पक्के ठरलेले नाही अशी पेशी. ती स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करते आणि तिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशीही तयार होतात. आपल्या अस्थिमज्जेत (बोन मॅरो) रक्ताच्या मूळपेशी असतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टोरंटोमध्ये टिल आणि मॅककलक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले.

यात मुंबईचाही वाटा आहे. मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातले हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. डॉ. अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअर वापरत. आज हा उपचार रक्ताच्या अनेक आजारांत मान्य आहे. म्हणजे स्टेम सेल हा शब्द ऐकला की सगळे खोटे, असे अजिबात नाही.

पण तिथे रक्ताच्या मूळपेशी रक्तच तयार करतात. तेच त्यांचे काम आहे. मेंदूचे प्रकरण वेगळे आहे.

मेंदूत पेशी बसवण्याचे प्रयत्न

कंपवात मुंबईला नवा नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या पारशी वसाहतींमधल्या सुमारे १४,००० लोकांची तपासणी झाली. त्यात दर लाख लोकांमागे ३२८ जणांना हा आजार आढळला. या आजारात मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. लक्षणे दिसेपर्यंत यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. मग साहजिकच विचार आला : गेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी बसवल्या तर?

१९८२ मध्ये स्वीडनमध्ये रुग्णाच्याच अॅड्रिनल ग्रंथीच्या पेशी मेंदूत बसवून पाहिल्या. १९८७ मध्ये मेक्सिकोतून अशाच शस्त्रक्रियेत मोठे यश मिळाल्याची बातमी आली आणि बऱ्याच ठिकाणी ती होऊ लागली. काही वर्षांत लक्षात आले की फायदा टिकत नाही. त्याच १९८७ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात गर्भातल्या मेंदूपेशी बसवायला सुरुवात झाली. काही रुग्ण खरोखरच सुधारले, पेशी वर्षानुवर्षे जगल्या. आशा पुन्हा वाढली.

मग अमेरिकेत एक कठोर परीक्षा झाली. तिचा निकाल २००१ मध्ये आला. ४० रुग्ण घेतले. २० जणांच्या मेंदूत पेशी टाकल्या. उरलेल्या २० जणांच्या कवटीला फक्त छिद्रे पाडली, पेशी टाकल्याच नाहीत. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना माहीत नव्हते. एक वर्षानंतर "मला किती बरे वाटते" या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. साठीच्या आतल्या रुग्णांच्या हालचालींत थोडी सुधारणा दिसली. पण पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के जणांना पुढे शरीराच्या अनावर हालचाली सुरू झाल्या आणि औषध कमी करूनही त्या थांबल्या नाहीत.

याच रुग्णांच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आपल्याला पेशी मिळाल्या असे ज्यांना वाटत होते, त्यांना आपले जगणे सुधारल्यासारखे वाटत होते, मग प्रत्यक्षात पेशी मिळालेल्या असोत वा नसोत. एखादा रुग्ण व्हिडिओत "मला फरक पडला" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण तेवढ्यावरून पेशींनी काम केले हे सिद्ध होत नाही.

२००८ मध्ये आणखी एक धक्का बसला. दशकाहून अधिक काळापूर्वी बसवलेल्या काही पेशींमध्ये मृत्यूनंतरच्या तपासणीत कंपवाताच्याच खुणा सापडल्या. नव्या पेशींनाही जुना आजार गाठू शकतो, हे समजले.

आता कुठे आलो आहोत?

१९९८ मध्ये अमेरिकेत मानवी भ्रूणातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधनासाठी मान्य केलेल्या पेशीवंशांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात पेशीवंश होते. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीला पुन्हा मूळपेशीसारखे केले, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशीलाही. त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले.

क्योटोमध्ये २०१८ मध्ये अशा पेशींपासून तयार केलेल्या डोपामिनपूर्व पेशी पहिल्या रुग्णाच्या मेंदूत बसवल्या गेल्या. २०२५ मध्ये क्योटोच्या सात रुग्णांचे आणि भ्रूण-मूळपेशी वापरलेल्या उत्तर अमेरिकेतल्या बारा रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. पेशी जगल्या, मोठा धोका दिसला नाही, काही रुग्णांत सुधारणाही दिसली. बातमी खरोखर चांगली आहे. पण रुग्ण मोजकेच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. १९८७ चा अनुभव विसरून चालणार नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्या. क्योटोत पेशींना आधी प्रयोगशाळेत डोपामिन पेशी होण्याच्या वाटेला लावले आणि मग शस्त्रक्रियेने मेंदूच्या नेमक्या भागात ठेवले. माहितीपत्रकातल्या उपचारात कमरेच्या हाडातल्या पेशी मणक्यातल्या पाण्यात सोडतात. त्या पेशी मेंदूत जाऊन डोपामिन पेशी बनतात, याचा पुरावा नाही. नाव दोन्हीकडे स्टेम सेलच. गोंधळ इथेच होतो.

भारतातला नियम

२००७ मध्ये आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हा शीर्षकात "संशोधन आणि उपचार" असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीतून "उपचार" हा शब्द मुद्दाम काढला. २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर बाकी सगळीकडे स्टेम सेलचा वापर हे संशोधन आहे. तो नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

म्हणून काकांच्या मुलाला मी एकच साधा प्रश्न विचारायला सांगितले : "हा उपचार आहे की चाचणी?" उपचार म्हणत असतील, तर कंपवातासाठी तो मान्य नाही. चाचणी म्हणत असतील, तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीतला क्रमांक मागा, नीतिमत्ता समितीची मंजुरी विचारा, आणि पैसे कसले, तेही विचारा.

मुलगा आठवड्याने परत आला. क्रमांक मिळाला नव्हता. जमीन राहिली.

मग आम्ही जे हातात आहे ते केले. काका लेव्होडोपाची गोळी जेवणासोबत घेत होते. ती जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास घ्यायला सांगितली, कारण आहारातली प्रथिने तिच्या आड येतात. डोसच्या वेळा न्यूरॉलॉजिस्टकडून बदलून घेतल्या, फिजिओथेरपी सुरू केली. मुंबईतल्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या सहायता गटाचीही माहिती दिली. ही संस्था २००१ पासून रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी काम करते. काकांचा आजार गेलेला नाही, तो वाढणारच आहे. पण आता ते सकाळी काठी घेऊन कोपऱ्यावरून स्वतः दूध आणतात.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोणत्याही नव्या उपचाराच्या भरवशावर चालू औषध अचानक बंद करू नका, त्याने जिवाला धोका होऊ शकतो. आणि सही करण्यापूर्वी, पैसे भरण्यापूर्वी, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना ते माहितीपत्रक जरूर दाखवा.