चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बसपर्यटन

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बसपर्यटन म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील या दोन वनजिल्ह्यांत राज्य परिवहन महामंडळाच्या (एस.टी.) नियमित गाड्यांनी टप्प्याटप्प्याने केलेला प्रवास होय. पाठीवर सॅक, हाती महामंडळाचा पास आणि वाटेत जंगल, नदीसंगम किंवा जुने देवालय लागेल तेथे उतरणे, असे त्याचे स्वरूप असते. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा देशांत सागरकिनाऱ्याच्या मार्गावर हव्या त्या ठिकाणी चढू-उतरू देणाऱ्या खास पर्यटक बसगाड्या निघाल्या. दक्षिण आफ्रिकेतील ‘बाझ बस’ हे त्यांतील परिचित नाव. येथे अशी वेगळी गाडी नाही. शाळकरी मुले, आठवडी बाजाराच्या टोपल्या आणि पर्यटक एकाच लाल गाडीत बसतात. किनाराही समुद्राचा नसून वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्यांचा आहे.

पास व सवलती

महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ सालापासून चालू आहे. चार किंवा सात दिवसांचा पास घेतल्यास त्या मुदतीत निवडलेल्या प्रकारच्या गाडीने कितीही वेळा प्रवास करता येतो. दिवसाची गणना मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत होते. मुदत संपताना प्रवासी गाडीतच असेल तर पुढील तिकीट त्याला काढावे लागते. पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांना पास निम्म्या दरात मिळतो. भाडेवाढीबरोबर पासाचे दरही बदलतात.

पुणे-मुंबईकडून येणाऱ्याला चार दिवसांचा पास अपुरा पडतो, कारण त्यातला बराचसा काळ येण्या-जाण्यातच संपतो. शिवाय ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाल्यावर अनेकांच्या दृष्टीने पासाचे गणितच बदलले. मात्र या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. सिरोंचाहून गोदावरी ओलांडून तेलंगणातील कालेश्वरम् येथे जायचे असेल तर हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

चंद्रपूर व ताडोबा

चंद्रपूर आणि बल्लारशा ही दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील स्थानके असल्याने प्रवासाचा आरंभ बहुधा येथूनच होतो. गोंड राजांनी बांधलेला शहराचा परकोट, महाकालीचे व अंचलेश्वराचे देऊळ पायी पाहता येते. वरोऱ्याजवळचे आनंदवन व भद्रावतीची विजासन लेणी नागपूर रस्त्यालगतच आहेत.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली स्थापन झाले. ते महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ साली घोषित झालेले अंधारी अभयारण्य त्याला जोडून पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौ.किमी. आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू या गावप्रमुखावरून ‘ताडोबा’ हे नाव पडले, असे गोंड समाजात सांगतात. तलावाकाठी त्याचे स्थान असून पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही काही प्रवेशद्वारे आहेत. एस.टी. प्रवेशद्वारापर्यंतच्या गावी सोडते. आत जाण्यासाठी नोंदणीकृत जिप्सी व स्थानिक मार्गदर्शक घ्यावाच लागतो आणि त्याचा खर्च संपूर्ण बसप्रवासाहून अधिक होतो. एकट्या प्रवाशाने आपल्यासारखे आणखी चार-पाच जण शोधावेत, हाच व्यवहार्य मार्ग. मंगळवारी उद्यान बंद असते, तर पावसाळ्यात गाभा क्षेत्रात पर्यटन थांबते. मोहर्लीच्या वाटेवर आगरझरी येथे फुलपाखरू उद्यान आहे.

येथील वाघ केवळ पर्यटकांच्या छायाचित्रांत राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे मोहफुले व तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे त्याच्या हल्ल्यात बळी पडतात. म्हणून फाट्यावर उतरून झाडीतल्या पायवाटेने चालत जाण्याचा मोह टाळावा. गावकरी देखील शक्यतो एकटे जात नाहीत.

वैनगंगेकाठून सिरोंचापर्यंत

चंद्रपूरहून मूल, सावली या गावांवरून जाणारी गाडी वैनगंगा ओलांडून गडचिरोलीस पोहोचते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वडसा (देसाईगंज) येथे रेल्वे आहे. त्याच्या दक्षिणेचा विस्तीर्ण प्रदेश दीर्घकाळ सर्वस्वी रस्त्यावर विसंबून राहिला.

चामोर्शीजवळील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तिच्या काठचा शिल्पसमृद्ध मंदिरसमूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात. शांतपणे शिल्पे पाहायची असतील तर तो आठवडा सोडून जावे. पुढे आष्टीजवळ चपराळा अभयारण्य (१९८६) असून तेथे वर्धा व वैनगंगा एकत्र येतात आणि त्यांची प्राणहिता होते.

आलापल्ली हे सागवानाचे गाव. येथून वाटा फुटतात: एक भामरागडला, एक सिरोंचाला. जवळचे राखीव जुने वन ‘वनवैभव’ (ग्लोरी ऑफ आलापल्ली) जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित आहे. सिरोंचाच्या वाटेवरून आत कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प लागतो. हिवाळ्यात हत्तींच्या पायांना औषधी लेप देऊन शेक देतात. त्याला ‘चोपिंग’ म्हणतात व त्या दिवसांत कॅम्प पर्यटकांना बंद असतो. येथील हत्ती परराज्यात हलविण्याच्या प्रस्तावाला २०२२ मध्ये स्थानिकांनी विरोध केला.

सिरोंचा प्राणहितेच्या काठी वसले आहे. दुकानांच्या पाट्या तेलुगूत दिसू लागतात आणि वाहकही सहज तेलुगूत बोलू लागतो. गावापासून जवळच प्राणहिता गोदावरीला मिळते. सोमनूर येथे इंद्रावती मिळते. तालुक्यातील खडकांत प्राचीन वृक्षांचे व डायनोसॉरांचे जीवाश्म सापडतात, त्यांसाठी वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. ‘बारापासॉरस टागोराय’ या महाकाय शाकाहारी डायनोसॉरचे अवशेष १९६० च्या सुमारास याच परिसरात मिळाले. सांगाडा मात्र कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. गोदावरीवरील मेडीगड्डा बंधारा २०१९ साली सुरू झाल्यापासून काठच्या शेतकऱ्यांची जमीन बुडाल्याची तक्रार आहे. नदीकाठी हिंडताना ही हकीकत कानावर आल्याशिवाय राहत नाही.

भामरागड व अंतर्भाग

आलापल्लीहून सुमारे ६० किमी जंगलातून गेल्यावर हेमलकसा लागते. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प येथे आहे. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णालय, आश्रमशाळा व वन्यप्राण्यांचे अनाथालय पाहण्यास लोक येतात. हे कामाचे ठिकाण आहे, सहलीचे नव्हे, याची जाणीव पर्यटकाने ठेवणे इष्ट. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांचा त्रिवेणी संगम आहे. पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल पुरात बुडून तालुक्याचा संपर्क तुटणे ही येथील पावसाळ्याची ठरलेली घटना.

नक्षलवादी हिंसाचारामुळे या भागात पर्यटन फारसे वाढले नाही. बंदच्या काळात, विशेषतः २८ जुलै ते ३ ऑगस्ट या सप्ताहात, आतल्या फेऱ्या थांबत. गाड्या जाळण्याचेही प्रकार घडले. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर प्रथमच एस.टी. धावली. त्याच वर्षी काटेझरीलाही पहिली गाडी पोहोचली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी आलेल्या या गाडीचा अर्थ तेथील माणसासाठी रुग्णालय, बाजार व शाळा असा आहे. गर्दी असता पासधारक पर्यटकाने खिडकीची जागा गरोदर बाईला वा म्हाताऱ्याला द्यावी, हे नियमात लिहिलेले नसले तरी पाळावे.

प्रवासकाळ

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. गडचिरोलीत हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा असल्याने मच्छरदाणी व लांब बाह्यांचे कपडे जवळ असावेत. आतल्या गावी जाणारी सायंकाळची गाडी पुष्कळदा मुक्कामी असते. ती रात्री तेथेच थांबून पहाटे परतते आणि गावात लॉज नसतो. म्हणून तिकीट काढतानाच वाहकाला परतीची वेळ विचारावी, आणि राहण्याची सोय गडचिरोली, आलापल्ली, अहेरी किंवा सिरोंचा येथे आधी करून ठेवावी.