हजेरी ते गोळी : हुकूम कुणाचा, जाब कुणाचा?

काठी आणि बंदूक ही सत्तेची हत्यारे आहेत, हे सांगायला इतिहासाचा अभ्यासक लागत नाही. अभ्यासकाने विचारायचा प्रश्न पुढचा आहे : ही हत्यारे उचलण्याचा हुकूम कोण देतो, आणि त्या हुकुमाचा जाब कोण देतो?

आमच्या कोल्हापुरात या प्रश्नाचे एक उत्तर १९१८ साली दिले गेले. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतील माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. गुन्हा सिद्ध झालेला नसे. जन्म हाच गुन्हा होता. महाराने वेसकर म्हणून गाव राखायचे, चोरीचा माग काढायचा, आणि चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावरच! गावाची काठी त्याच्या हातातही होती आणि त्याच्या पाठीवरही होती. राजर्षी शाहू महाराजांनी ही हजेरी बंद केली आणि त्याच वर्षी संस्थानातील महार वतनेही रद्द केली. शिपायांना दयेचा उपदेश करून ते थांबले नाहीत. ज्या हुकुमाच्या जोरावर शिपाई दंडुका चालवत होता, तो हुकूमच त्यांनी मोडीत काढला. अधिकार वरचा, म्हणून जबाबदारीही वरची, हा त्याचा अर्थ.

आता ११ जुलै १९९७ आठवा. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. दुखावलेली वस्ती महामार्गावर उतरली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला.

कायदा काय सांगत होता? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ प्रमाणे जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो. हा हुकूम कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा ठाण्याच्या अंमलदाराने द्यायचा, तो हजर नसेल तर उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याने. पोलिसी शिस्तीतही पायऱ्या आहेत : इशारा, अश्रुधूर, लाठी आणि अगदीच निरुपाय झाला तर गोळी, तीही नेम खाली धरून. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा बचाव पुढे आला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने मात्र हा गोळीबार असमर्थनीय ठरवला.

२००९ मध्ये, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम याला जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. शिक्षेची शिडी उपनिरीक्षकाच्या पायरीवरच थांबली. त्याच्या वरच्यांनी त्या सकाळी काय पाहिले, काय विचारले, काय रोखले, हा प्रश्न आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

येथे आपण एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बंदूक धरणारा जवान पुष्कळदा आपल्यासारख्याच कोरडवाहू गावातला, आपल्यासारख्याच घरातला असतो. सारा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे व्यवस्थेला सोयीचे आहे. कारण मग जातीचा संशय, दिलेली शिकवण आणि वरिष्ठांचे मौन यांना हात लावावा लागत नाही.

जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल शासनाच्या मंजुरीवाचून पोलिसांवर खटला भरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, ही ढाल तशीच राहिली. प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ साली.

संस्थानाचा राजा जी जबाबदारी घेऊ शकला, ती लोकशाहीतील वरिष्ठ अधिकारी आणि मंत्री का घेऊ शकत नाहीत? हजेरी १९१८ साली संपली. ती आपण देत होतो. आता हजेरी त्यांनी द्यायची आहे, संविधानापुढे.