हेल्म, ब्रिगिट

हेल्म, ब्रिगिट : (१७ मार्च १९०६ – ११ जून १९९६). जर्मन चित्रपट अभिनेत्री. मूळ आडनाव शिटेनहेल्म. जन्म बर्लिन येथे. चित्रपटाचा कसलाही अनुभव नसताना दिग्दर्शक फ्रिट्स लांग याने तिला मेट्रोपोलिस (१९२७) या मूकपटात नायिकेची भूमिका दिली. कामगारांना धीर देणारी सात्त्विक मारिया आणि तिचेच रूप घेऊन त्यांना भडकवणारी यंत्रस्त्री अशा दोन्ही भूमिका तिने केल्या. खोट्या मारियाची तिरकी मान, अर्धवट मिटलेला एक डोळा आणि झटके देत हलणारे अंग पाहिले, की चेहरा एकच असूनही प्रेक्षकाची गल्लत होत नाही. यंत्रस्त्रीचा पोशाख शिल्पकार व्हाल्टर शुल्झे-मिटेनडोर्फ याने तिच्या शरीराच्या साच्यावरून घडवला होता. तो धातूचा भासे, पण लाकडाच्या लगद्याचा होता. तो ताठ आणि काचणारा पोशाख घालून तिला तासन्‌तास उभे राहावे लागे.

पुढे आलराउने (१९२८) सारख्या चित्रपटांमुळे मोहिनी घालणारी घातकी स्त्री हा शिक्का तिच्यावर बसला. एकाच साच्याच्या भूमिकांना कंटाळून तिने ‘ऊफा’ या चित्रसंस्थेविरुद्ध दावा लावला. तो ती हरली. दिग्दर्शक पाब्स्टच्या एका चित्रपटातील आंधळी मुलगी हे तिचे त्याहून वेगळे काम, आणि ते विनाकारण दुर्लक्षित राहिले. बोलपटांतही ती टिकली. मात्र १९३५ मध्ये तिने पडदा सोडला, उद्योगपती हूगो कुनहाइम याच्याशी विवाह केला आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाली. उतारवयात चित्रपटांविषयी मुलाखती देण्याचे ती टाळत असे.