ऑनलाइन खेळांतील ‘गिअर’ : कस कौशल्याचा की चिलखताचा?

ऑनलाइन खेळांच्या परिभाषेतील ‘गिअर’ या शब्दाचा मोटारीशी काही संबंध नाही. खेळातील आपले पात्र जी तलवार, चिलखत, शिरस्त्राण, अंगठ्या धारण करते, त्या सर्व साहित्याला मिळून गिअर म्हणतात. हे साहित्य केवळ शोभेचे नसते. प्रत्येक वस्तूला ठरावीक आकडे जोडलेले असतात आणि ते पात्राच्या ताकदीत, सहनशक्तीत, प्रहाराच्या तीव्रतेत मिळवले जातात. साहजिकच दोन खेळाडू समोरासमोर उभे ठाकले, की निकाल हाताच्या चपळाईने लागतो की अंगावरच्या चिलखताने, हा प्रश्न उभा राहतो. बुद्धिबळात जुन्या खेळाडूला दोन वजीर मिळत नाहीत. येथे मिळतात.

ब्लिझर्ड कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आणलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा या वादाचा सर्वांत बोलका नमुना. पात्राची पातळी वाढवत साठपर्यंत नेली, की सुरुवातीच्या काळात खरा खेळ तेथून पुढे सुरू होई. ‘मोल्टन कोअर’सारख्या गुहेत ४० जणांनी एकत्र उतरायचे, एकेका बलाढ्य राक्षसाला पाडायचे आणि त्याच्याजवळ सापडलेल्या मोजक्या वस्तू वाटून घ्यायच्या. चाळीस तोंडे आणि दोन-चार घास! या वाटणीतूनच ‘गिल्ड’ म्हणजे खेळाडूंच्या संघटना घडल्या आणि मोडल्याही. १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’च्या खेळाडूंनी त्यावर ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ हा तोडगा काढला होता. मोहिमेला हजर राहिले की गुण जमा होत, वस्तू घेतली की ते खर्ची पडत. हजेरीपट आणि भिशी यांचा हा संकरच म्हणायचा. काही गिल्ड मात्र वाटपाचा निर्णय ज्येष्ठांच्या समितीवर सोपवत आणि मग वशिलेबाजीचे आरोप ओघाने आलेच. ठरलेले मोडून वस्तू लांबवणाऱ्यास ‘निन्जा’ म्हटले जाई. त्याची अपकीर्ती सर्व्हरभर पसरे आणि पुढे त्याला कोणी सोबत घेत नसे.

या दृष्टीने पाहता गिअर म्हणजे सरसकट अन्याय, असे म्हणता येणार नाही. उत्तम चिलखत ही चाळीस जणांच्या मेहनतीची पावती असे. अडचण निर्माण होई ती ही पावती खेळाडूंच्या आपसांतील लढाईत वापरली जाऊ लागली, तेव्हा. एप्रिल २००५ मध्ये आलेल्या ‘ऑनर’ पद्धतीत दर आठवड्याला इतरांशी तुलना करून श्रेणी ठरत असे. चौदाव्या म्हणजे सर्वोच्च श्रेणीची शस्त्रे हवी असतील, तर आठवडेच्या आठवडे जवळजवळ अहोरात्र खेळावे लागे. त्यासाठी मित्रमंडळी एकच खाते पाळीपाळीने चालवत. येथे कसोटी कौशल्याची नव्हती, मोकळ्या वेळेची होती. नोकरी-संसार सांभाळणारा निष्णात खेळाडू त्यात मागे पडे. ही श्रेणीपद्धती २००६ च्या अखेरीस बंद करण्यात आली.

‘ट्विंक’ हा प्रकार तर याहून मासलेवाईक. जुना खेळाडू आपल्या मोठ्या पात्राची संपत्ती वापरून एक लहान पात्र नखशिखांत सजवी आणि त्याला १९ व्या पातळीवरच रोखून धरी. मग त्या पातळीच्या रणांगणात नवख्यांची कत्तल. नवखा बिचारा आपण नेमके कुठे चुकलो हे शोधत राही, परंतु त्याचे काही चुकलेलेच नसे. अखेर ऑगस्ट २००९ मध्ये अनुभवगुण थांबवण्याची अधिकृत सोय झाली आणि अशा पात्रांची रणांगणे वेगळी काढण्यात आली.

त्याच वर्षी खेळाडूंनीच तयार केलेले ‘गिअरस्कोअर’ हे पूरक सॉफ्टवेअर लोकप्रिय झाले. कोणाच्याही अंगावरील साहित्याची किंमत ते एका आकड्यात सांगे. अमुक आकड्याखालील कोणी नको, असे मोहिमेचे म्होरके आधीच बजावू लागले. चांगले गिअर मोहिमेत मिळणार आणि मोहिमेत प्रवेश चांगल्या गिअरवर. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, असा तो पेच होता. शिवाय भारी आकडा खेळाडूच्या चुकाही झाकतो. आगीत उभा राहूनही जो मरत नाही, तो आगीतून बाजूला व्हायला कशाला शिकेल?

उपाय झाले नाहीत असे नाही. एप्रिल २००५ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स’मध्ये खेळाडूंच्या आपसांतील लढतींसाठी थेट कमाल म्हणजे २० व्या पातळीचे, सुसज्ज पात्र तयार करता येत असे. वॉरक्राफ्टनेही २०१६ च्या ‘लीजन’ आवृत्तीत अशा लढतींपुरता गिअरचा प्रभाव बहुतांशी पुसून टाकला. परंतु कष्टाने मिळवलेल्या वस्तूला रणांगणात मोल उरले नाही, अशी तक्रार झाली आणि २०१८ मध्ये गिअर परतले. समान संधीची मागणी करणारे आणि कमाईचे चीज व्हावे म्हणणारे, पुष्कळदा एकच असतात.

वेळेची जागा पैशाने घेतली, तेव्हा मात्र खेळाडूंचा संयम सुटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळात पात्राची ताकद वाढवणारी पत्ते नशिबाच्या पेट्यांतून मिळत आणि त्या पेट्या रोख पैसे मोजून घेता येणार होत्या. यावर इतका गदारोळ झाला, की इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स कंपनीला प्रकाशनाच्या पूर्वसंध्येस ही खरेदी स्थगित करावी लागली. पुढे २०१८ मध्ये ताकदीची विक्री तिने सोडूनच दिली.

आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या ‘पबजी मोबाईल’ने, म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये भारतात त्यावर बंदी येण्यापूर्वी, वेगळी वाट दाखवली होती. शंभर जण रिकाम्या हातांनी छत्रीतून उतरत. बंदूक जमिनीवर सापडे आणि डाव संपताच नाहीशी होई. पैसे मोजून मिळणारा पोशाख केवळ दिखाऊ असे. २०१७ मध्ये आलेल्या ‘फोर्टनाइट’मध्येही पोशाखाने ताकद वाढत नाही. तरीही तेथे विकतचा पोशाख नसलेल्या मुलांना ‘डिफॉल्ट’ म्हणून हिणवले जाऊ लागले.